करावे ते नेरूळ, तीन किलोमीटर

समरा मुकादम नेरूळच्या एका शोरूममध्ये गाड्या विकायची. करावे गावाजवळच्या सोसायटीत राहणारे श्यामसुंदर बेंद्रे मार्चमध्ये डिझेल गाडी बघायला आले, तेव्हा त्यांनी तिला सरळ विचारलं होतं, "बायकोला अर्धांगवायू झालाय. रोज नेरूळला फिजिओथेरपीला न्यायचं, तीन किलोमीटर. डिझेल चालेल ना?"

नाही चालणार, हे समराला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. पण महिना संपत आला होता आणि डिझेलच्या गाड्या पडून होत्या. "बिनधास्त घ्या, काका," ती म्हणाली.

ऑक्टोबरात पाम बीच रोडवर गाडीचा जोरच गेला. दोन अनोळखी माणसांनी त्यांच्या बायकोला, अरुणाकाकूंना, उचलून रिक्षात बसवलं. शोरूमच्या वर्कशॉपने कागदावर शेरा मारला, 'चालवण्याची पद्धत चुकीची.' तो कागद घेऊन काका समराकडे आले. "माझंच काहीतरी चुकतंय गं. क्लच जास्त दाबतो बहुतेक."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. समराने चहा मागवला.

चौथ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. "काका, तुमचं काही चुकलं नाही. मला आधीच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डिझेल फार तापून जळलं की विषारी वायू वाढतो. आच कमी केली की काजळी वाढते. प्रदूषणाचे नियम इतके कडक झालेत की दोन्ही चालत नाहीत. म्हणून धुराच्या नळीत काजळी अडवायला फिल्टर असतो. त्यातली काजळी जळायला गाडी वीसेक मिनिटं सलग पळावी लागते. तुमची गाडी तापायच्या आधीच नेरूळ येतं. मग फिल्टर तुंबतो आणि गाडीचा जोर जातो."

आतल्या खोलीत अरुणाकाकू डाव्या हाताने रबरी चेंडू दाबत होत्या. काका तिकडे बघत राहिले.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"टार्गेट होतं," समरा म्हणाली.

तिने मॅनेजरला सगळं सहीनिशी लिहून दिलं. शेरा खोडला गेला, फिल्टर फुकट बदलून मिळाला. समराला विक्रीवरून काढून विम्याच्या कागदांवर बसवलं. त्याचं तिला काही वाटलं नाही.

काका आता दर रविवारी गाडी खोपोलीपर्यंत पळवून आणतात. काकूंना तेवढा वेळ बसवत नाही, त्या घरीच असतात. समराने एकदा मेसेज केला, 'रविवारी काकूंजवळ मी थांबू का?'

उत्तर आलं, 'नको. सोय झाली आहे.'