अकरावा दिवस

माझी आई गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता, वसईतल्या आमच्या घरी वारली. माझ्या नाकातून केलेल्या शस्त्रक्रियेचा तो अकरावा दिवस होता. मला सहा आठवडे खाली वाकण्याची मनाई होती.

त्रास ईस्टरआधीच्या उपवासकाळात सुरू झाला होता. सातिवलीच्या एका गोदामात मी मालाची चलने तपासते. खाली मान घातली की उजव्या नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब चलनावर पडायचा. सर्दी समजून मी वाफ घेतली, गोळ्या घेतल्या. चर्चमध्ये गुडघे टेकून डोके खाली केले की थेंब बाकावर पडत. मी रुमाल चेहऱ्याला धरून बसे. मागच्या बाकावरच्या बायकांना वाटले, मी रडते. एकीने मिस्सा संपल्यावर माझा हात धरला. "तुला प्रार्थनेत रडू येतं, आमचे डोळे कोरडेच. देवाने दान दिलंय गो तुला," ती म्हणाली. मी तिला खरे सांगितले नाही. त्या काळात माझी प्रार्थना कोरडी झाली होती. आई दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली, आणि मी देवाकडे काय मागावे हेही मला ठरवता येत नव्हते. नसलेल्या भक्तीचे श्रेय मी चार रविवार घेतले. हे मी पुढे पापनिवेदनात फादरना सांगितले.

पाचव्या रविवारी माझ्या शेजारी एक अनोळखी वयस्कर बाई बसली होती. कुणाच्या तरी बाप्तिस्म्यासाठी ती बाहेरगावाहून आली होती. प्रवचन चालू असताना मी बाकावर वाळत टाकलेला रुमाल तिने उचलला, बोटांत चुरगळला आणि माझ्याकडे पाहिले.

"किती दिवस गळतंय?" तिने हळूच विचारले.

"महिना झाला. सर्दी आहे."

"सर्दीचा रुमाल वाळला की पापड होतो. ह्यो बघ, मऊच. तीस वर्षं वॉर्डात काढली मी. हे सर्दीचं पानी नाय, डोक्यातलं असंल. उद्याच्या उद्या नाकाच्या डॉक्टरला दाखव. आज करू, उद्या करू, असं नको करू."

मिस्सा संपल्यावर मी तिला शोधले. बाप्तिस्म्याच्या घरच्यांना विचारले. अशी कोणी बाई आपल्याकडे आलेली त्यांना आठवत नव्हती. गर्दी बरीच होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. गळणारे पाणी बाटलीत धरून तपासायला दिले, स्कॅन झाला. मेंदूभोवतीचे पाणी नाकात उतरत होते. नाक आणि मेंदू यांच्यामधल्या पातळ हाडाला छिद्र पडले होते. त्याच वाटेने जंतू वर गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जीव जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. चेहऱ्यावर कुठेही छेद न देता नाकातून दुर्बीण घालून त्यांनी ते छिद्र बुजवले. ठिगळासाठी माझ्याच मांडीतला पातळ पडदा घेतला. पाचव्या दिवशी घरी सोडताना नर्सने सूचना वाचून दाखवल्या: वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे. "आणि रडायचं नाही. अगदीच आलं तर तेही तोंड उघडून. नाक ओढलंत तर सरांची सगळी मेहनत वाया," ती हसून म्हणाली.

आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ झाली की मोठ्यांपुढे वाकून आशीर्वाद घेण्याची रीत आहे. आईची खाट बुटकी. मला वाकता येत नव्हते, तिला हात उचलता येत नव्हता. मी उभ्यानेच म्हणायचे, "सहा आठवड्यांनी घेते." ती डोळे मिटून होकार द्यायची. अशा सहा संध्याकाळी गेल्या.

गुरुवारी दुपारी आईची शवपेटी ओसरीवरच्या बाकावर ठेवली. झाकण लावण्याआधी घरच्यांनी एकेकाने वाकून निरोप घेतला. माझी पाळी आली तेव्हा धाकटा भाऊ आडवा आला. "ताई, तू लांबूनच घे. एकीला पोचवायचंय, दोघींना नाही." मी त्याचा हात बाजूला केला. ठिगळ सुटले तर सुटू दे, एवढे मी मनाशी ठरवले होते. ते धैर्य नव्हते, सहा संध्याकाळींची शरम होती.

पेटी उचलायला आलेल्या चौघांपैकी सर्वांत थोरला पुढे झाला.

"थांब गो बाय. तू कशाला वाकतेस? म्हातारीलाच वर घेतो आम्ही. तशी कवा जड व्हती ती?"

कोणीतरी हुंदक्यातच हसले. चौघांनी पेटी खांद्यापर्यंत उचलली आणि माझ्या बाजूने थोडी कलती केली. जपमाळ गुंडाळलेले आईचे हात माझ्या कपाळाला टेकले. मी मान ताठ ठेवून उभी होते. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चौघांपैकी एकानेही "आता पुरे" असे म्हटले नाही.

मग मी तोंड उघडे ठेवून रडले. तेवढ्यात वरच्या ओठावर पाण्याचा थेंब उतरला. उजव्याच नाकपुडीतून. भावाने तो पाहिला. दफनविधी होईपर्यंत त्याची नजर माझ्या वरच्या ओठावरच होती.

त्या रात्री उशांना टेकून बसल्या बसल्या मी प्रार्थना केली. ठिगळ टिकू दे, असे मागितले नाही. जे मी वाकून घेणार होते ते मला उभ्याने मिळाले होते. त्याबद्दल देवाचे आभार मानले आणि पुढचे त्याच्यावर सोडले. तेव्हापासून जपमाळेनंतर मी त्या चौघांची नावे घेते. रुमालवाल्या बाईचे नाव मला माहीत नाही, म्हणून तिला 'वॉर्डातली मावशी' म्हणते.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले. ठिगळ जागेवर होते, गळती नव्हती. नाकात उतरलेले पाणी डोळ्यांचे होते.