‘प्रिय कुमारी वसंत’: एका पत्रापायी हिंगणी ते पुलगाव

माझ्या धाकट्या बहिणीला, पल्लवीला, फिनलंडच्या एका विद्यापीठाने एका सेमिस्टरसाठी बोलावल्याचं पत्र आलं. घरात पेढे आणायची बोलणी चालू असताना मी ते चार वेळा वाचलं. मी बी.ए. पहिल्या वर्षाला सोडलं, पण सेलूला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात बसतो, त्यामुळे अक्षरांवर माझी नजर पक्की आहे. पत्राची सुरुवात होती ‘प्रिय कुमारी वसंत’. वसंत हे आमच्या बाबांचं नाव.

“मी कुमारी कवापासून झालो बे?” बाबा म्हणाले.

सगळे हसले, मी हसलो नाही. फी माफ, राहायला खोली, वर लायब्ररीचं कार्ड. इतकं फुकट देणारे लोक मुलीचं नाव सोडून बापाचं नाव का घेतात? आमच्या शेताचा सातबारा बापाच्याच नावावर आहे.

सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता. बाबांनी निकाल माझ्यावर सोपवला. “तूच पाहून ये. तुले पटलं तर जाईन ते, नाई तर नाई.” तेव्हापासून पल्लवी माझ्याशी बोलेनाशी झाली.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघालो. फाईलमध्ये पत्राच्या दोन प्रती, पासपोर्टची झेरॉक्स आणि अकरा प्रश्नांची यादी. ज्यांच्या घरी असं पत्र आलं असेल त्यांना माझं सांगणं एवढंच, की वेबसाइट पाहून समाधान मानू नका. वेबसाइट कशा बनतात हे मी दुकानात पाहतो. तिथे जाऊन आलेला माणूस शोधा आणि त्याच्यासमोर बसा.

हिंगणी ते सेलू रस्ता ठीक आहे, पण डावीकडच्या खिडकीत बसू नका, सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. सेलूहून वर्ध्याच्या गाड्या भरपूर. वर्ध्याला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळ्या वाटीत मागितली, म्हणजे किती तिखट आहे ते आधी कळतं. पुढे शेअर ऑटोने पिपरी मेघे. तिथे पल्लवीच्या कॉलेजच्या मॅडम राहतात, या परदेशी सेमिस्टरचं काम त्याच पाहतात.

ऑटोवाला म्हणाला, “पत्ता नीट सांगा भाऊ. इथं दर महिन्याले एक नवी गल्ली निघते.”

मॅडमनी चहा दिला, माझे अकराही प्रश्न ऐकले आणि तीनदा म्हणाल्या, “काळजी करू नका.” जो माणूस हे तीनदा म्हणतो त्याचीच मला काळजी वाटते. नावाचं विचारलं तर म्हणाल्या, “तिकडचे लोक आपल्या नावांत घोळ करतात.” ज्या विद्यापीठाला एक नाव नीट लिहिता येत नाही ते शिकवणार काय, हा बारावा प्रश्न मी यादीत लिहिला. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या पुलगावच्या रुचिताचा पत्ता त्यांनी दिला. मग आत जाऊन तिला फोन केला. म्हणजे आता ती पढवलेली उत्तरं देणार, हे मी धरून चाललो.

पुलगावला रेल्वेने जाणं सोयीचं. गाडी वेळेवर असली तर बसायला जागा मिळेपर्यंत स्टेशन येतं. स्टेशनबाहेर आलूबोंडा खाल्ला आणि मॅप बघत चालू लागलो, तो दारूगोळा डेपोच्या बाजूला निघालो. फोटो काढायला मनाई असल्याची पाटी पाहून मोबाइल खिशात टाकला. या लेखात पुलगावचा एकही फोटो नाही, त्याचं कारण हेच. गेटवरच्या जवानाने माझी फाईल उघडायला लावली.

“फिनलंड जाना है?”

“बहिणीला. चौकशीसाठी आलो.”

“तो इधर कहाँ चौकशी?” त्याने पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं. “वसंत आप हैं?” मी नाही म्हटल्यावर त्याचा संशय वाढला असावा. बऱ्याच वेळाने त्याने रस्ता दाखवला. आपण दुसऱ्याकडे कसे पाहतो, ते मला त्या उन्हात थोडं कळलं.

दार रुचिताच्या आईने उघडलं. “जयभीम. तुमीच का हिंगणीचे? या, पयले पाणी प्या.”

रुचिताने मोबाइलवर बर्फ दाखवला. बर्फ काय, कोणीही दाखवतं. मी यादी काढली. “होस्टेलच्या खोलीचं दार आत उघडतं का बाहेर?”

“बाहेर. काऊन दादा, चोरी करायची हाये का?”

तिची आई पदर तोंडाला लावून हसली. मी उत्तर लिहून घेतलं आणि तिकडचं ओळखपत्र मागितलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं ‘सिद्धार्थ’. बाकीचं नाव खाली, बारीक.

“हे तुमचं कार्ड नाही,” मी म्हणालो.

“माह्यंच हाये. सिद्धार्थ माह्या बाबाचं नाव.”

तिची आई हसायची थांबली. भिंतीवर त्यांचा फोटो होता. रुचिता सातवीत असताना ते गेले.

“मग दुरुस्त का नाही करून घेतलं?”

“करणार होती. मंग एका सकाळी होस्टेलच्या सैपाकघरातली पोरगी म्हणे, गुड मॉर्निंग सिद्धार्थ. आमच्या घरी त्याइचं नाव कोणी घेत नाई आता. तिथं रोज घेत होते. राहू देलं.” ती थोडा वेळ कार्ड पुसत बसली. “पण तुमी राहू देऊ नका. पासपोर्ट अन् पत्र जुयलं नाई म्हून विमानतळावर मले लय वेळ उभं ठेवलं. फॉर्म कोनं भरलता?”

“मी.”

“पूर्ण नावाचा एकच रकाना होता ना? अन् तुमी आडनाव आधी टाकलं असंन.”

मार्कशीटवर असतं तसंच मी टाइप केलं होतं, भोयर पल्लवी वसंत. एक अक्षर चुकलं नव्हतं. तिकडे शेवटच्या शब्दाला आडनाव समजतात. फॉर्म कोणी भरला, हा तेरावा प्रश्न माझ्या यादीत नव्हताच. रुचिताच्या आईने आग्रहाने जेवायला बसवलं, तेव्हा मान वर करून भाजी मागायचीही लाज वाटत होती.

परतीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुकानात असे किती फॉर्म भरले, तेच आठवत होतो.

घरी आल्यावर पल्लवीला सांगितलं, “तुझं नाव मीच उलटं टाकलं होतं.”

ती आठ दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. “अन् पुलगाव कायले पाहून आला?”

त्याच संध्याकाळी होकार आणि दुरुस्तीची मेल पाठवली, पाठवण्याआधी दोघांनी मिळून वाचली. मंगळवारी नवं पत्र आलं, ‘प्रिय पल्लवी’. तिची परतीची तारीख मी अजूनही रोज एकदा पाहतो, ती सवय जाणार नाही. पण निकाल मी बाबांना मेल पाठवण्याआधीच सांगितला होता. मला पटलं.

एकाच मुलीची दोन पत्रांवर दोन नावं असली की पुढे गोंधळ होतो, म्हणून जुनं फाडायला घेतलं. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, चार घड्या केल्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “मले आतापावेतो कोनं प्रिय म्हनलं नोतं.”