बाबांना न पटलेल्या बॅगा

माझ्या वडिलांना एक हलकी बॅग घ्यायची होती. बस, एवढंच. त्यात दीड महिना गेला आणि माझं डोकं पार उठलं.

बाबांचं नाव बाळ, वय एकोणसत्तर. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं काढलेला, कमी बोलणारा आणि महाहट्टी माणूस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी त्यांना ई-रीडर घेऊन दिला. तेव्हापासून रोज साडेचारला ते आणि त्यांचे फॅक्टरीतले दोस्त बुधाजीकाका शिवमंदिराकडे चालत जायचे, झाडाखाली बसून बाबा मोठ्यानं वाचायचे. मग बाबांचा उजवा खांदा आखडला. त्या खांद्यावर वजन घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जुनी रेक्झिनची बॅग बंद झाली आणि बाबांचं फिरणंही. घरात बसून ते सुकत चालले होते, ते मला बघवेना.

म्हणून मी ऑनलाइन एक बॅग मागवली. इतकी हलकी, की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्यांना वजन दाखवलं. डाव्या खांद्यावर घ्या म्हटलं, तर नको म्हणाले. पाठीवरची सॅक आणली, तर तिच्यात दोन्ही खांदे अडकतात. कापडी पिशवी दिली, तर हातात नको, पायात येते. मी विचारलं, मग काय डोक्यावर घेणार? ते म्हणाले, बघू. या 'बघू'वर आईनं कशी चाळीस वर्षं काढली, देव जाणे.

शेवटी एका रविवारी त्यांना रिक्षात कोंबलं आणि उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या दुकानात नेलं. तिथं हवी तशी बॅग शिवून मिळते. शेटनं विचारलं, "अंकल, इसमें डालना क्या क्या है?"

बाबांनी जुनी बॅग काउंटरवर उपडी केली आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून एक पाऊल मागे उभे राहिले. फॅक्टरीच्या गेटवर रोज अशीच झडती व्हायची. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी समोर कुणी बॅगेचं विचारलं की त्यांचे हात असेच होतात. शेट हसला. मी हसणार होते, तेवढ्यात सामान दिसलं. ई-रीडर, चष्मा, पाण्याची बाटली आणि चार तुकड्यांत घडी घातलेली एक पांढरी काठी. आंधळी माणसं वापरतात ती.

"ही कुणाची?"

"बुधाजीची," बाबा म्हणाले. "त्याला घरी ठेवता येत नाही."

मग तिथंच, शेट चेनचे नमुने काढत असताना, एकेक वाक्य ओढून काढावं लागलं. काकांना वर्षभरात दिसेनासं झालं होतं. घर पायाखालचं, म्हणून निभावत होतं. त्यांचा मुलगा विनीत बदलापूरला अकराव्या मजल्यावर राहतो; नजर गेली असं कळलं की त्याच दिवशी वडिलांना घेऊन जाईल. शेजारी सगळी भावकी, काठी दिसली की त्याला फोन गेलाच. म्हणून काठी बाबांच्या बॅगेत. कोपऱ्यावर वळलं की ती उघडायची.

"उजव्या खांद्यावर वजन चालत नाही. डाव्यावर बुधाजीचा हात असतो," बाबा म्हणाले. "हातातली पिशवी त्याच्या काठीत अडकते. आता तूच सांग, बॅग लावू कुठं?"

मला भयंकर राग आला. दोन म्हातारे, त्यातल्या एकाला दिसत नाही, आणि मधे तो रिक्षांचा रस्ता. हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी भर दुकानात आवाज चढवला.

"तू विनीतला सांगितलं असतंस," ते म्हणाले.

सांगितलंच असतं. मग शेटला म्हटलं, कमरेला बांधायची शिवा, काठी मावेल एवढी लांब. शेटनं टेपनं बाबांची कंबर मोजली.

गुरुवारी बॅग मिळाली आणि दोघं पुन्हा जायला लागले. पुढच्याच आठवड्यात विनीतचा फोन आला. त्याचे बाबा फोनवर नीट काही सांगत नाहीत, म्हणून काळजी वाटत होती. "ताई, त्यांना दिसतंय ना बरोबर?" त्यानं विचारलं.

चांगला मुलगा आहे, वडिलांवर जीव आहे त्याचा. मी म्हटलं, "दिसतंय रे. रोज वाचायला जातात दोघं." फोन ठेवला आणि एरवी सहाला परतणारे दोघं साडेसहा वाजून गेले तरी आले नाहीत, म्हणून चपला घालून त्यांना बघायला धावले.