चिंधी बांधलेलं रोप

कापणीला आलेल्या भाताच्या खाचरात वहिनी लाल चिंध्या घेऊन फिरत होत्या. ज्या रोपांच्या लोंब्या बियाण्यासाठी राखायच्या, त्यांना आधीच चिंधी बांधायची, ही त्यांची रीत. मी एक हिरवंगार रोप दाखवलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि शेजारच्या रोपाला चिंधी बांधली.

त्याची खालची पानं राख उडाल्यासारखी पांढुरकी झाली होती. वहिनींनी त्यातलं एक माझ्या रुमालावर झटकलं. बारीक तांबडे ठिपके पडले आणि चालू लागले. पानाचा रस शोषणारे कोळी होते ते.

रोपाला ते झटकून टाकता येत नाहीत, जागा सोडून पळताही येत नाही. पण या रोपाने खालची पानं जाऊ दिली होती आणि लोंबीजवळचं पान हिरवं राखलं होतं. लोंबी दाण्यांनी पुरती वाकली होती. काय जाऊ द्यायचं, हे त्याला पक्कं ठाऊक असावं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि वर्गाचा प्रमुख नेमताना दरवर्षी डाग नसलेली वहीच पाहत आलो.

"पण त्या हिरव्या रोपात वाईट काय आहे?" मी विचारलं.

"वाईट काही नाही, भावोजी. त्याला अजून कोणी चावलंच नाही. ते कसं निघेल, मी कुठून सांगू?"

मी त्यांच्याकडून चार चिंध्या मागून घेतल्या आणि डागाळलेल्या पानांवर वाकलेली लोंबी शोधत पुढच्या बांधाकडे निघालो.