नव्या सिस्टिमवर आईची बोटं

कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकून घ्यावी का, असं कुणी विचारलं तर आता मी बेधडक घ्या म्हणते. मधल्या एका रात्री मात्र मी ते यंत्र गॅलरीतून खाली फेकायला निघाले होते.

चालत्या गाडीला खीळ घालू नये, या मताची मी. जुन्या सिस्टिमला आता सुरक्षा मिळणार नाही, असा इशारा रोज यायचा आणि मी तो रोज बंद करायचे. शेवटी बँकेची साइट उघडेनाशी झाली, तेव्हा खारघरच्या एका दुरुस्तीवाल्यांना बोलावलं.

धास्ती होती ती आईची. तिने पनवेलात वर्षानुवर्षं टायपिंगचा क्लास चालवला. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली, तरी सोसायटीच्या नोटिसा तीच टाइप करते, जुन्या मराठी टाइपरायटरच्या पद्धतीने, निव्वळ बोटांच्या सवयीवर. मी फक्त वाचून दाखवते. स्वयंपाक सुटला, बाजार सुटला. एवढंच तिच्या हातात राहिलं होतं.

दुरुस्तीवाले नवी सिस्टिम टाकून, चहा पिऊन गेले. संध्याकाळी आई खुर्चीत बसली, भराभर टाइप केलं आणि म्हणाली, "वाच."

स्क्रीनवर अक्षरांची नुसती भेळ होती. मी गप्प राहिले, त्यावरून तिला कळलं. तिने पुन्हा टाइप केलं, या वेळी सावकाश. पुन्हा तेच. मग तिने हात मांडीवर घेतले.

"आता बोटंही गेली," ती म्हणाली.

अगं, बिघाड कॉम्प्युटरचा आहे, असं मी परोपरीने सांगितलं. तिला वाटलं, मी समजूत काढतेय. ती जेवली नाही. मला असा संताप आला होता की विचारू नका, आणि त्याखाली भीतीही होती. हिने एकदा हात आखडला की पुन्हा कीबोर्डला लावणार नाही, हे मला ठाऊक होतं.

सकाळी फोन केला. "ताई, हल्ली सगळे इंग्रजी अक्षरं दाबूनच मराठी लिहितात. आईंना तेच शिकवा ना," दुरुस्तीवाले म्हणाले.

"दादा, तुम्ही या आणि तिचा कीबोर्ड परत द्या. शिकवायचं नंतर बघू."

बिचारे आले. टाइपरायटरच्या कीबोर्डचा वेगळा छोटा प्रोग्राम असतो, तो नव्या सिस्टिममध्ये राहूनच गेला होता. त्यांनी तो शोधून बसवला.

आई यायला तयार नव्हती. "कशाला उगाच हसं करून घ्यायचं?" हाताला धरून बसवली. तिने एक ओळ टाइप केली आणि चटका बसावा तसे हात मागे घेतले.

मी वाचायला लागले. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या दुपारपर्यंत पाणी..." पुढे मला वाचवेना. एक काना, एक मात्रा चुकली नव्हती.

"पुढे काय झालं? चुकलं?"

"नाही गं. सगळं बरोबर आहे."

आईने खुर्ची पुढे ओढली.

"मग बाजूला हो. नोटीस अर्धीच झालीये."