मुक्ताच्या वर्गातलं मागचं बाकडं

आज सकाळपासून नुसता उकाडा. ढग भरून आलेत, पण वारा म्हणून नाही. अशा दिवशी गॅलरीत बसलं की किस्से आठवतात. वर्गाच्या दाराशी चपला साचतात ना, तसे साचलेत. मी सांगतोय, सून लिहून घेतेय. मी काही शाळेत गेलो नाही.

मुक्ता माझी नात. बोलायला चुरुचुरु, पण अक्षर दिसलं की गप्प. डॉक्टर म्हणाले, लर्निंग डिसॅबिलिटी. मी जन्मभर "जरा वाचून दाखव रे" म्हणत फिरलो. तिच्या वाट्याला ते नको, एवढाच घोर. म्हणून तिला भोईवाड्यात अशाच मुलांना शिकवणाऱ्या नीलिमाबाईंच्या वर्गात नेतो आणि मागच्या बाकड्यावर बसून राहतो.

*

बाई ताटात रवा पसरतात, मुलं त्यात बोटानं अक्षरं गिरवतात. पहिल्याच दिवशी ओंकारनं विचारलं, "बाई, ह्याचा शिरा कधी?"

"पाच अक्षरं आली की!"

शनिवारी बाईंनी डबा भरून शिरा आणला. अक्षरं तीनच आली होती!

*

ओंकारचे पप्पा एकदा तावातावानं आले. "लाड बंद करा, मॅडम. दोन फटके दिले की सगळं येईल!"

बाईंनी टेबलावर आरसा उभा केला. "हाताकडे नका बघू. आरशात बघून तुमचं नाव लिहा."

पेन भलतीकडेच पळायला लागलं. पप्पांना घाम फुटला. ओंकार त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "होतं असं, पप्पा. मी पण घाबरतो."

पप्पा मग मान खाली घालून पेनाचं टोपण शोधत बसले. टोपण पेनाच्या शेंड्यालाच होतं!

*

बाईसुद्धा माणूसच. मुलांना काल आलेलं आज कोरं, असं आठवडाभर चाललं. एक दिवस त्यांनी खडू ठेवला नि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुक्ता उठली, खडू त्यांच्या हातात दिला आणि थेट बाईंच्याच आवाजात म्हणाली, "घाई नाही हं. परत करू."

*

परवा आमच्या चाळीच्या जिन्याशी फळ्यावर नवी सूचना लागली. मुक्ता थांबली. मी "चल" म्हटलं नाही.

"उ... द्या... पा... णी..."

मागे कामाला निघालेली माणसं तुंबली. "आटप गं, बाई!" कुणीतरी ओरडलं.

"ये... णा... र..." शेवटच्या शब्दावर बोट अडलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"मला कुठं येतंय, बाय? तूच बघ."

"ना... ही. नाही! आजोबा, उद्या पाणी येणार नाही!"

बरोबर की चूक, मला काय कळणार! शेजारच्या सुमनताई मागेच उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बघताय काय, आप्पा? पिंप भरा आधी!"