सगळ्यात लहान कॉलेज आधी बोलतं

प्रा. गजभिये सर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते कॅसेटची पिशवी घेऊन. इंग्लंडमधल्या रीडिंग गावात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. "यांतला आवाज गेलाय," सर म्हणाले. मी दोन-तीन कॅसेट लावून पाहिल्या आणि सांगितलं, "कॅसेट ठणठणीत आहेत, सर. कान तपासून घ्या." गिऱ्हाइकाशी असं बोलू नये, पण सर हसले. "मग तुमचे कान भाड्यानं द्याल का?" तेव्हापासून दर रविवारी त्यांच्याकडे बसून मी ऐकतो, मोठ्यानं सांगतो आणि सर लिहितात.

लिहितात काय, तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या काही कॉलेजांच्या संघाचा इतिहास; कॅसेटवर त्याच संघाच्या बैठका आहेत. नागपूरहून ग्लासगोला शिकायला आलेले सर पुढे त्यांपैकी एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवत होते. गोऱ्यांच्या कॉलेजांनी ज्यांना दार उघडलं नाही, त्यांच्यासाठी उभी राहिलेली ही कॉलेजं. एकेकटी गरीब, म्हणून त्यांनी संघ केला. एका कॉलेजची पुस्तकं व्हॅनमधून दुसरीकडे जायची. भौतिकशास्त्राचे एकच प्राध्यापक दोन ठिकाणी शिकवायचे. आणि बैठकीत एक रीत होती: सगळ्यात लहान कॉलेजानं आधी बोलायचं. "मोठा बोलून गेला की लहान नुसती मान डोलावतो," सर सांगतात. "आमच्या नागपूरच्या वस्तीत तरी वेगळं काय होतं?"

ती रीत सरांनी इथं आणली. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभेत डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाले पुढच्या खुर्च्यांवर, मी दाराशी. अध्यक्ष असलेले सर म्हणाले, "आधी बनसोड बोलतील." मी उठून पार्किंगबद्दल बोललो, दुसरं काही सुचलंच नाही. पुढून कुणीतरी पुटपुटलं, "झालं, आता टीव्हीवाला मीटिंग चालवणार." मला सगळंच ऐकू येतं. सरांना ते ऐकू गेलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पुढच्या सभेतही मलाच आधी उभं केलं. हळूहळू मला पार्किंगपलीकडचंही सुचू लागलं.

सरांच्या या गौरवग्रंथात आनंदाचं लिहावं, हे मला कळतं. पण सरांना मी आजवर ऐकलं तेच सांगत आलोय.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी संघाच्या ताज्या बैठकीची कॅसेट पाठवली. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि संघ टिकला असं त्यात लिहायचं सरांनी मनाशी धरलं होतं. सगळ्यात लहान कॉलेज आदल्या उन्हाळ्यात बंद पडलं, हे आम्हांला ठाऊक होतं. कॅसेट सुरू झाली. खुर्च्या सरकल्या, कुणी खाकरलं, मग काहीच नाही.

"कोण बोलतंय?" सरांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर. थांबलेत."

"सवयीनं थांबले असतील. आता जे लहान उरलंय, ते बोलेल."

मी कान लावून बसलो. बोलले ते सगळ्यात मोठ्या कॉलेजचे अध्यक्ष. आपलं कॉलेज संघातून बाहेर पडतंय, एवढंच त्यांनी सांगितलं. हे मला सरांना ओरडून सांगावं लागलं. स्वयंपाकघरात सरांच्या पत्नी सुलभाताईंच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

"आणि लहान काय म्हणालं?"

मी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. "काही नाही म्हणालं, सर."

त्या दिवशी सरांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. पुढच्या रविवारी म्हणाले, "संघ टिकला असं लिहिता येणार नाही, बनसोड. ते थांबले होते, एवढं मात्र लिहितो." तेवढं त्यांनी लिहिलं. संघ आता उरला नाही. हे पुस्तक कोण छापणार, कोण वाचणार, हे सरांनाही माहीत नाही, मलाही.

सरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. या ग्रंथात मोठमोठ्यांचे लेख आहेत, पण बनसोडांचा आधी घ्या, असं सरांनी संपादकांना बजावलं म्हणे. म्हणून आधी मी बोललो. याहून बरं बोलायला हवं होतं.

सर, तुम्हांला भरपूर आयुष्य मिळो, आणि ते अंथरुणाबाहेरचं असो. ऐकायच्या कॅसेट आता संपल्या. रविवारी मी येतोच आहे.